पिवळ्यातून पिवळं

दिनानाथची पोरगी प्राप्ती चौलच्या नाक्यावर हितेशच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसते. तिच्या जिभेला हाड नाही असं अख्खा गाव म्हणतो, आणि तिला ते कौतुकच वाटतं. आधारकार्डाच्या फोटोला आलेल्या माणसालाही ती दटावते की हसू नका, पण निदान रडू तरी नका. वाढदिवसाच्या बॅनरसाठी गॉगलवाले इतके दादा तिने कापून ढगांसमोर उभे केलेत की कुणाचे कान कसे आहेत हे तिला पाठ झालंय.

गेल्या वर्षी जत्रेत गोदूबायचा सत्कार ठरला. गोदूबाय म्हणजे आमच्याकडची नावाजलेली धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी. लग्नात आधी तिचे धवले, मग बाकीचं सगळं. निम्म्या गावाला हळद लागली ती तिच्याच गाण्यावर. पण आजारपणात तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, गाणं थांबलं, आणि ती चारचौघांत येईनाशी झाली. जत्रेच्या मंडळाची माणसं बोलवायला गेली तेव्हा तिने एकच अट घातली. "बॅनरवर आताचा फोटू नको. गातानाचा लावा, त येईन."

गातानाचा फोटो मिळता मिळेना. धवलारीण बसलेली असते नवरीच्या बाजूला, खाली, आणि फोटोग्राफरला नवरीशिवाय कुणी दिसत नाही. शेवटी प्राप्तीच्या भावाच्या, निकेतच्या, हळदीतला एक सापडला. त्यात गोदूबाय मान वर करून, तोंड उघडून गात होती. पण पोरींनी लाडाने तिचे गाल हळदीने माखलेले, मागे मंडपाचं पिवळं कापड, वर झेंडूची तोरणं.

फोटोतल्या माणसामागचं सगळं आपोआप काढणारं एक बटण असतं, त्यावर हितेशचा फार विश्वास. त्याने ते दाबलं, आणि सॉफ्टवेअरने कापडाबरोबर गोदूबायचा गालही उडवला. मग साहेबांनी शहाणपणा केला. आधी चेहऱ्यावरची हळदच घालवली आणि मग बाईला कापलं. कापलं झकास, पण बाई झाली गोरीपान, गुळगुळीत. मंडळाने तो फोटो मोबाइलवर दाखवला. गोदूबायने बघून मोबाइल परत दिला.

"ही मी न्हाय," ती म्हणाली, आणि सत्काराला येणार नाही असं सांगून मोकळी झाली.

हे कळल्यावर प्राप्तीचं डोकं फिरलं. तिने मंडळाच्या भर बैठकीत जाऊन सांगितलं की गोदूबाय हळदीसकट बॅनरवर येईल, नाहीतर मी पुन्हा माऊसला हात लावणार नाही. बोलून तर बसली, पण स्टुडिओत आल्यावर तिचंही घोडं तिथेच अडलं. गाल कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं, तेच दिसेना.

मग तिने फोटोतला रंगच तात्पुरता काढून टाकला. पिवळं गेलं आणि कापड कापडासारखं दिसायला लागलं, गाल गालासारखा. त्या कडेने तिने हाताने मास्क, म्हणजे फोटोवरचा झाकणाचा थर, रंगवायला घेतला. मास्कचं बरं असतं, त्यात काही खोडलं जात नाही. काळा ब्रश फिरवला की झाकतं, पांढरा फिरवला की परत येतं. कानामागचे बारीक केस तीनदा बिघडले, तीनदा तिने ते परत आणले. वर रंग चढवला तेव्हा गोदूबाय हळदीसकट, सुरकुत्यांसकट मोकळी झालेली होती. निदान गाल तरी जरा पुसून घे, असं हितेश म्हणत होता, पण तिने तिकडे साफ कानाडोळा केला.

जत्रेच्या दिवशी बॅनर वेशीवर लागला. गोदूबाय सुनेचा हात धरून आली, नुसतं बघून परत जाते म्हणाली. तोंडावर पदर घट्ट धरलेला. बॅनरसमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"ही मीच हाय," गोदूबाय म्हणाली. "निकेतच्या हलदीचा धवला बोलतंय मी."

तिने पदर सोडला आणि तोच धवला धरला. आवाज घोगरा, शब्द तोंडाच्या एका बाजूने येत होते, पण पहिली ओळ संपायच्या आत सगळ्या बायांनी तो उचलला. प्राप्ती गात होती आणि खुशाल रडत होती. हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षांना धवला संपेपर्यंत कुणी पुढे येऊच दिलं नाही.