रजेवर असलेल्या माणसाला नोटीस

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथं बसून मी सात देशांतल्या लोकांचे पगार बघते. पगार काढणारे त्या त्या देशात वेगळे असतात; ते तिथल्या कायद्याप्रमाणे निघतात की नाही, एवढंच तपासायचं माझं काम. जर्मनीत चर्चचा कर पगारातून कापतात. फिलिपिन्समध्ये वर्षाअखेरीस तेरावा पगार द्यावा लागतो. ब्राझीलमध्ये माणूस सुट्टीवर निघाला की त्याच्या हातावर नेहमीपेक्षा जास्त पैसे ठेवून त्याला पाठवावं लागतं. कंपनी परदेशातली, यंत्रं विकणारी. आमचं ऑफिस पुण्यात. लॉकडाउनमध्ये मी घरी आले, नवरा कऱ्हाडातच कॉलेजवर शिकवतो, म्हणून मग परत गेलेच नाही.

बारा वर्षं हे काम केल्यावर माणसं दिसायची बंद होतात. कर्मचारी क्रमांक, देश आणि रुजू झाल्याची तारीख, एवढंच दिसतं. त्याचं मला काही वाटत नाही असं मी म्हणायचे, आणि खरंच वाटत नव्हतं.

त्यातला एक क्रमांक माझ्या मामेभावाचा होता. मामाचं गाव पलूसजवळ. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, थोडा ऊस, थोडी द्राक्षं. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, डिप्लोमा करून पलूसच्या एमआयडीसीत चिकटला होता. चार वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या आखातातल्या शाखेत यंत्रदुरुस्तीसाठी माणसं हवी होती, ते मी त्याला कळवलं. निवड त्याची त्यानंच मिळवली, पण गावात सगळे म्हणायचे, आक्कानं पोराला दुबईला लावलं. तो दुबईत नव्हता. आमच्याकडं सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी पुण्याहून माझ्या बाईसाहेबांची मेल आली. त्यात एकतीस जणांची यादी होती. त्यांना कामावरून कमी करायचं होतं. मंगळवारी सगळ्यांना कळवायचं ठरलं होतं, तोवर तोंडातून शब्द निघता कामा नये, असं वर लाल अक्षरांत लिहिलेलं. अशा याद्या आधीही आल्या होत्या. पगाराच्या लोकांना हे सगळ्यांच्या आधी कळतं, कारण कुणाला किती दिवसांची नोटीस, कुणाला किती भरपाई, हे काढल्याशिवाय कुणाला काढता येत नाही.

मी वरून सुरुवात केली. जर्मनीतली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. तिला काढता येत नाही, तसं मी लिहिलं आणि तिची ओळ लाल केली. फिलिपिन्समधल्या चौघांसाठी तिथल्या कामगार खात्याला महिनाभर आधी कळवायला हवं होतं, तेही लिहिलं. चहा प्यायले. सव्विसाव्या ओळीवर भावाचा क्रमांक होता.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग रुजू झाल्याची तारीख बघितली. मग उरलेल्या रजा बघितल्या, कारण त्याच्यानंतरचा रकाना तोच होता. तो रजेवर होता. मला ते माहीतच होतं, त्याच्या बायकोचं डोहाळजेवण त्या रविवारी होतं आणि मी आहेराची साडी आणून ठेवली होती. तिथल्या नियमाप्रमाणे रजेवर असलेल्या माणसाला नोटीस देता येत नाही. ज्याची बायको सात महिन्यांची गरोदर आहे अशा पुरुषासाठी मात्र माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मी लिहिलं, 'हा कर्मचारी पुढच्या शनिवारपर्यंत रजेवर आहे. नोटीस रुजू झाल्यावर द्यावी.'

दहा मिनिटांत उत्तर आलं, "बरं झालं लक्षात आणून दिलंस. अडकलो असतो."

नातेवाईक कंपनीत असेल तर कळवायचा एक फॉर्म असतो. मी तो उघडून बघितला. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. मामेभाऊ त्यात बसत नव्हता. मी फॉर्म बंद केला आणि सत्ताविसावी ओळ घेतली. मला रडू वगैरे काही आलं नाही. संध्याकाळी मुलीला क्लासहून आणलं, भाकरी केल्या. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही तिघं गाडीनं गेलो. ताकारीपासून पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागून जावं लागलं, त्यामुळं पोचायला उशीर झाला. अंगणात मांडव होता. भावाची बायको हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या. मामीनं मला बघितल्याबरोबर हात धरून आत नेलं.

"आक्का, आलीस व्हय! तुझीच वाट बगत हुतो. पयली वटी तूच भरायची. तुज्यामुळं हे दिस आलंत."

मी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, सगळं नीट घातलं.

जेवणं झाल्यावर भाऊ मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं द्राक्षाच्या रिकाम्या क्रेट रचल्या होत्या. त्यातली एक उलटी करून त्यानं मला बसायला दिली आणि स्वतः उभा राहिला.

"आक्का, एक इचारायचं हुतं. चाकणला एका कंपनीत नंबर लागलाय. पगार तिकडच्यापेक्षा कमी हाय, पर हितंच राहायला मिळंल. पोरगं हुतंय, म्हातारी म्हंती हितंच ऱ्हा. सोमवारपतुर हो-न्हाई सांगायचंय."

"मग?"

"मला वाटतंय न्हाई म्हणावं. आनखी दोन वर्षं काढली की घराचं काम हुतंय. हिला बी तिकडं न्यायचं मनात हाय." त्यानं वळून दाराकडं बघितलं. "आपल्या कंपनीत काय गडबड न्हाई न्हवं? चार लोक काय बाय बोलत्यात. तू पगाराकडं हायस, तुला ठावं असंल."

तेव्हा मी काय विचार केला, हे मला पुष्कळदा आठवून बघावंसं वाटलं. विचार केल्याचं आठवत नाही. समोरच्या क्रेटवर एक मुंगळा चालत होता, तो आठवतो.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी फक्त हिशोब तपासते. तुझं तू ठरव."

"न्हवं, पर तू काय केलं असतंस?"

"तुझं तू ठरव," मी पुन्हा म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याला त्यात उत्तर मिळालं असावं. मोबाईल काढून त्यानं तिथंच चाकणच्या माणसाला मेसेज लिहिला, मला वाचून दाखवला आणि इंग्रजी बरोबर आहे का विचारलं. एक चूक होती. ती मी सांगितली. त्यानं ती दुरुस्त केली आणि मेसेज पाठवला.

मंगळवारी सगळ्या देशांत पत्रं गेली. दुपारी भावाचा फोन आला. त्याच्या शाखेतल्या पाच जणांना काढल्याचं त्याला मित्रांकडून कळलं होतं.

"आक्का, माझं नाव न्हाई त्यात! वाचलो बग. आईनं देवाला नारळ फोडला."

"बरं झालं," मी म्हटलं.

अजूनही वेळ होता. चाकणला फोन करून त्याला 'माझा विचार बदलला' म्हणता आलं असतं. हे मला त्या वेळी कळत होतं, अगदी स्वच्छ. फोन ठेवून मी पोलंडचा तक्ता उघडला, त्यात दोन चुका सापडल्या.

शनिवारी तो विमानात बसला. जाताना त्यानं सगळ्यांना फोटो पाठवला. सोमवारी सकाळी रुजू झाला, आणि अकरा वाजता त्याला आत बोलावून पत्र दिलं. हे मला आमच्या सिस्टीमवर दिसलं. त्याच्या नावापुढं त्या तासाला 'पत्र पोचलं' अशी नोंद आली. माझ्या कामात ती ओळ हिरवी झाली म्हणजे पूर्ण झाली.

त्यानं मला चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला. आवाज बारीक झाला होता. "आक्का, शेवटचा हिशोब तुज्याकडनं जातोय का?"

"हो."

"मग बराबर असंल," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी तो हिशोब तीनदा तपासला. परतीचं विमानाचं तिकीट कंपनीनं द्यायचं असतं, ते तिथल्या माणसानं धरलं नव्हतं, ते घालायला लावलं. त्याच्यासाठी मी एवढंच केलं.

एप्रिलमध्ये त्याला मुलगी झाली. तोवर तो परत आला होता. चाकणची जागा भरली होती. बारशाला मला बोलावणं आलं, म्हणजे मामांनी फोन केला, मामीनं नाही. मी एकटीच एसटीनं गेले. पाळण्याजवळ गर्दी होती. मी बाळाला झबलं दिलं, कुंकू लावून घेतलं. सगळे पांगल्यावर भाऊ बाहेरच्या सोप्यात माझ्यासमोर येऊन बसला. मामा खुर्चीत होते, मामी दाराला टेकून उभी.

"आक्का, एक इचारतो. बाकीच्या पाच जणांस्नी मंगळवारी पत्र दिलं. माझंच कसं मागनं आलं?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं.

"रजेवर असताना नोटीस देता येत नाही," मी म्हटलं. "मीच त्यांना कळवलं होतं."

"कवा?"

"डोहाळजेवणाच्या आधी. शुक्रवारी."

आतून बाळाचा आवाज येत होता.

"म्हंजे तू मला सांगितलं न्हाईस," तो शेवटी म्हणाला, सावकाश, जुळवत जुळवत, "पर त्यास्नी सांगितलंस."

"हो."

मामांनी घसा साफ केला. "ऑर्डर असती, गड्या. आमचं युनिट कुठं चाललंय ते आमी तरी घरी कवा सांगितलं? तुज्या आईला रेल्वेत बसल्यावर बी सांगितलं न्हाई."

"आवं, ती लढाई हुती," मामी म्हणाली. "ही काय लढाई व्हय? कुणाचं पोरगं मरत हुतं तिनं सांगितलं असतं तर?"

मामी माझ्याकडं बघत होती. तिला माझ्या तोंडावर काहीतरी दिसायला हवं होतं, आणि ते आणता आलं असतं तर मी आणलं असतं. मला फक्त बसल्या जागी फार जड वाटत होतं, जेवण जास्त झाल्यासारखं. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते मला स्वतःलाच पाठ केलेलं वाटलं. मामी आत गेली. भाऊ मला स्टँडवर सोडायला मोटारसायकलनं आला, एसटी लागेपर्यंत थांबला, आणि मी खिडकीत बसल्यावर पाण्याची बाटली वर दिली.

पुढच्या आठवड्यात मी बाईसाहेबांना फोन करून सांगितलं की यादीतला एकजण माझा मामेभाऊ होता. त्या म्हणाल्या, "मामेभाऊ व्याख्येत येत नाही ना? मग तुझ्याकडून काही चुकलेलं नाही. उलट फार व्यावसायिक वागलीस." वर्षाच्या मूल्यमापनात त्यांनी तसं लिहिलंही. मला थोडी पगारवाढ मिळाली. मी ती घेतली.

मी ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकला, काही झालं नाही. आठ महिने तो घरीच होता, बागेत मामांच्या हाताखाली. मग इस्लामपूरकडं एका साखर कारखान्यात वर्कशॉपला हंगामापुरता लागला, आणि हंगाम संपल्यावरही त्यांनी ठेवून घेतला. पगार आखाताच्या निम्म्याहून कमी आहे. घराचं काम पायापर्यंत येऊन थांबलंय. पण पोरगी बापाच्या अंगाखांद्यावर वाढतीय, असं त्याची बायको मला एकदा फोनवर म्हणाली. ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की तिला खरंच तसं वाटतं, ते मला कळलं नाही.

पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला तो येईल असं मी धरलं नव्हतं. सकाळी साडेनऊला गेटचा आवाज आला. एकटाच आला होता, कारखान्याच्या निळ्या शर्टवर, दुपारची पाळी होती म्हणून. मी पाट मांडला, त्याला ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवलं. मुलीनं त्याला शाळेचं काय काय दाखवलं. नवऱ्यानं बॉयलरविषयी विचारलं, त्यानं ते सविस्तर सांगितलं. करंजी खाल्ली, दुसरी नको म्हणाला.

"मामी बरी आहे?" मी विचारलं.

"हाय बरी. गुडघं दुखत्यात."

"ये म्हणावं एकदा."

"सांगतो," तो म्हणाला. पायात बूट घालून त्यानं घड्याळ बघितलं, हेल्मेट घेतलं आणि गेला. वरच्या खोलीत फिलिपिन्सच्या तेराव्या पगाराचे तक्ते येऊन पडले होते, ते बघायला मी वर गेले.