बाईंचा ‘गो’

तव्यावर सुकट भाजल्याचा वास आला की मला आमच्या कापडे गावातली ती पंगत आठवते. भारतातच स्थायिक झालेल्या एक परदेशी वार्ताहर बाई भातलावणीवर लिहायला आमच्याकडे राहिल्या होत्या. गावातला एकमेव इंग्रजीवाला म्हणून मी मिशीला पीळ देत दुभाषा झालो होतो.

“तिखट नाय ना झालं? विचार तिला,” आई म्हणाली.

मी इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत बाईच मला म्हणाल्या, “नाय गो, लय चांगलं हाय!”

बायकांना म्हणायचा ‘गो’ मिशीवाल्याला लागला. पंगत हसून लोळली. आई मात्र ताठ बसून म्हणाली, “हसताय काय? शेतात आम्ही बायकांनीच शिकवलंय तिला!”

माझी दुभाषेगिरी तिथेच संपली. बाईंचा फोन अजून येतो, “कशी हायस गो?”

मी ऐटीत सांगतो, “बरी हाय!”