सूपभर ज्वारीची केरा

माझ्या आईचं नाव केराबाई. केर म्हणजे सकाळी उंबऱ्याबाहेर झाडून टाकतात तो. हे सांगितलं की शहरातली माणसं आधी हसतात, मग ओशाळतात आणि शेवटी 'छान आहे हो, वेगळंच नाव आहे' असं म्हणतात. मला या तिन्हींचा सारखाच राग येतो. आईला येत नाही. "नाव काय, हाक मारण्यापुरतं असतंय," असं ती लोकांना सांगते. मनातून मात्र या नावानं तिला जन्मभर कुरतडलंय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

उन्हाळ्याच्या दुपारी दारं लोटून घेतली की आई आणि मी फरशीवर चादर टाकून पडायचो. बाहेर सोलापूरचं ऊन. कुठूनतरी मागाचा खटखट आवाज येत राहायचा आणि त्या आवाजानं पेंग यायची. मग आई छताकडे बघत स्वतःच्या जन्माची गोष्ट सांगायची. मी अर्धवट झोपेत असायची, त्यामुळं ती गोष्ट मी ऐकली की स्वप्नात पाहिली, हे आजही नीट सांगता येत नाही. सांगोल्याकडचं माळावरचं घर, दारात शेळ्या, कोपऱ्यात झाडून लोटलेला केर, त्यावर सूप आणि सुपात माझी आई, नुकती जन्मलेली. ते मला इतकं स्पष्ट दिसतं, जणू मीच तिथं उभी होते.

तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा घरच्यांनी जुनी युक्ती केली. बाळाला सुपात घालून केरावर ठेवायचं. आईनं पाठ फिरवून मोठ्यानं म्हणायचं, 'मला नको हे पोर.' मग शेजारची बाई येणार, 'कुणाचं पोर पडलंय हितं?' म्हणून उचलणार, आणि आईनं पसाभर धान्य देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं. जे पोर आईलाच नको, ते मरणाला तरी कशाला हवं असेल, असा त्यातला हिशेब. पुढं त्या पोराचं नाव केरा, नाहीतर केरबा.

गोष्ट इथं संपत नाही. हे सोंग असं एका दिवसात टाकून देता येत नाही. चारचौघांत पोराचं कौतुक करायचं नाही, अंगावर मागून आणलेले जुने कपडे घालायचे, हाक मारायची तीसुद्धा धुसफुसत. माझ्या आईच्या आईनं हे सगळं इमानानं केलं. "कुणापुढं मला मांडीवर घेतल्याचं आठवत न्हाय बग," आई म्हणायची, "ए केरा, हो तिकडं, एवढंच." आणि आई परकर-पोलक्यात असतानाच ती बाई वारली. सोंग उतरवायला तिला सवडच मिळाली नाही. राहिला तो आईचा प्रश्न. 'ती सोंग करत होती, की खरंच मी तिला नको होते?' हे विचारायचं कुणाला?

गावातली थोरली माणसं आईला 'सूपभर ज्वारीची केरा' म्हणून चिडवायची. लग्नात सासरच्यांनी तांदळात बोट फिरवून एका देवीचं नाव लिहिलं होतं, पण ते तांदळातच राहिलं. केराचं नुसतं केराबाई झालं.

मी लहान होते तेव्हा असली नावं पैशाला पासरी होती. केरबा, धोंडू, दगडू, उकिर्डा. आणि हे काही आमचंच खूळ नव्हतं. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं विणकराचं घर आहे. तिथल्या काकूंच्या सासऱ्यांचं नाव पेंटय्या, आणि पेंटा म्हणजे उकिरडा, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. अक्कलकोटच्या बाजूनं एक तिप्पाण्णा दूध घेऊन यायचे. कानडीत तिप्पे म्हणजे पुन्हा उकिरडाच. एकाच मुलखात तीन भाषांतल्या आयांनी मरणाला एकच थाप मारली होती, आणि गंमत म्हणजे एकमेकींना न विचारता. पुढं दवाखाने झाले, लसी आल्या, पोरं जगायला लागली. ही नावं जुनी झाली म्हणून गेली नाहीत, त्यांचं काम संपलं म्हणून गेली. आता संध्याकाळी बागेत 'आरव' अशी हाक मारली की घसरगुंडीवरची निम्मी पोरं वळून बघतात.

काम संपलं असं मी तरी समजत होते.

माझ्या मुलीची दोन बाळंतपणं वाया गेली. पहिल्या वेळी तिनं नाव आधीच ठरवलं होतं, भिंतीवर चिकटवायची अक्षरंसुद्धा आणली होती. ती अक्षरं कुणी काढून ठेवली, कुठं ठेवली, यावर आमच्या घरात कधीच बोलणं झालं नाही. यंदा मुलगी झाली. एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, मग घरी आली. दूध प्यायला लागली, बाळसं धरू लागली, पण नाव काही ठरेना. जावई मोबाइलवरून नावं वाचून दाखवायचे, मुलगी ऐकायची आणि उठून जायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, काहीतरी ठेव! नुसतं 'बाळ बाळ' किती दिवस?" तर म्हणाली, "आई, नाव ठेवलं की भीती वाटते."

एका दुपारी आम्ही चौघी खोलीत पडलो होतो. आई, मी, माझी मुलगी आणि मधे ती बिननावाची. पंखा फिरत होता. पडद्यातून येणारं ऊन भिंतीवर हलत होतं, आणि आपण कुठल्या काळात आहोत हे क्षणभर मला कळेना. अशात मुलगी एकदम म्हणाली, "आज्जी, तुझं कसं केलं होतं? तसंच हिचं करूया."

मला हसू आलं, रागही आला. औषधशास्त्र शिकलेली पोर ही! पण आईच उसळली. "ते नाव नगं. ते घेऊन जगनं काय असतंय, माझं मलाच म्हाईत."

"मला देवाचं काही माहीत नाही, आज्जी. मला फक्त भीती नको आहे."

आई उठून बसली. मग म्हणाली, "सूप हाय का घरात?"

सूप नव्हतं. शेजारच्या काकूंकडून आणलं. त्याहून मोठी अडचण म्हणजे केर नव्हता. सकाळीच बाई फरशी पुसून गेली होती. केरावाचून केरा कशी होणार? शेवटी मी गॅलरीतली कबुतराची पिसं आणि जिन्यावरची कडुनिंबाची पानं झाडून आणली, सोफ्याखाली झाडू घालून थोडी धूळही मिळवली, आणि दाराशी छोटासा ढीग केला. या घरात केर आणून टाकायची वेळ येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मऊ दुपट्यात गुंडाळून बाळाला सुपात घातलं आणि सूप केरावर ठेवलं. ती टक्क जागी होती. मुलगी पाठ फिरवून उभी राहिली.

"म्हन आता," आई म्हणाली.

"मला नको..." एवढं म्हणून मुलगी थांबली. तिनं भिंतीला हात लावला. मला वाटलं, पुरे झालं हे, उचलावं बाळाला. पण तिनं दात आवळून वाक्य पुरं केलं. "मला नको हे पोर." आवाज इतका कोरडा, तुसडा, की मागून बघणाऱ्याला खरंच वाटलं असतं.

आई वाकली. गुडघे कुरकुरले. "कुनाचं पोर पडलंय हितं?" तिनं सुपातून बाळ उचललं आणि छातीशी धरलं. "लई ग्वाड हाय, मी नेते."

"नको, मला दे. मी विकत घेते."

"पसाभर ज्वारी दे की मग."

मुलगी स्वयंपाकघरात गेली. ओंजळीत ज्वारी घेऊन येईल म्हणून आम्ही बघतोय, तर ती अख्खा डबाच उचलून आली आणि रिकाम्या सुपात उपडा केला. सूप भरलं, वरून ज्वारी सांडली, फरशीवर पसरली, सोफ्याखाली गेली. "अगं, पसाभर, पसाभर!" मी ओरडले. तिला ऐकूच आलं नाही. डबा रिकामा झाला तरी ती त्याचं बूड थोपटत होती.

मग तिनं हात पुढं केले. आईनं बाळ दिलं नाही. ती त्या सुपाकडे बघत होती.

"पसाभर पुरती," आई हळूच म्हणाली. "रीत तेवढीच हाय."

"माहीत आहे, आज्जी. हात थांबला नाही."

"तवा दुष्काळ हुता. घरात दानं न्हवतं. तरी माज्या आयनं सूपभर दिली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "लोकं चिडवायची, मला त्यात चिडवनंच ऐकू आलं. पसाभर पुरत असताना सूपभर कशाला दिली, हे मी कदी इचारलंच न्हाय गं."

आईनं बाळाला माझ्या मुलीच्या हातात दिलं. "घे तुजी केरा," म्हणाली. त्या दिवसापासून घरात तेच नाव आहे. कागदावरचं यथावकाश ठरेल. सोलापुरात आज या नावाची दुसरी तान्ही पोर शोधून सापडायची नाही.

मी झाडू घेऊन ज्वारी गोळा करायला गेले, तर आईनं हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि तिथंच फरशीवर, सुपाशेजारी बसली. तिनं दोन्ही हात ज्वारीत मनगटापर्यंत खुपसले आणि डोळे मिटले.

"आये, मी पायजे हुते गं तुला," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.