आत्याचा रेणू

माझ्या आत्याइतकं शब्दांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारं माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात दुसरं नव्हतं. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटायचं नाही. ताईला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाचे वडील चहा पिता पिता सहज म्हणाले, "साखर अणूभर जास्त झालीय." आत्या आतून तरातरा बाहेर आली. "साखरेचा अणू नसतो हो! अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू होतो. साखरेचा लहानात लहान कण म्हणजे रेणू. रेणूभर म्हणा!" बाबांनी कपाळाला हात लावला. लग्न मात्र ठरलं. पुढे ते व्याही आमच्याकडे मुकाट्यानं चहा प्यायचे.

मग राज्यांची फेररचना झाली. राजधानीचं नागपूर सुटलं, भोपाळ आलं, आणि शाळेत हिंदी पुस्तकं आली. त्यांत आमचा अणू झाला 'परमाणु', आणि आमच्या रेणूला नाव मिळालं 'अणु'! आत्याला जेवण जाईना. "नवा शब्द आणला असता तर चाललं असतं गं, पण आपलाच उचलून भलत्याला चिकटवला!" मग एका सकाळी तिनं फळ्याचे दोन भाग केले, दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर मांडले आणि वर्गात आम्हा मुलींकडून रोज घोकून घेतले.

त्याच वर्षी तपासणीला साहेब आले. मराठी माध्यमाचा वर्ग ठेवायचा की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्यांनी माझ्या बाकावरच्या शेजारणीला उभं केलं. "बताओ, अणु किसे कहते हैं?" ती देडतलाई गावच्या केळीवाल्यांची पोर, भीती कशाशी खातात ते ठाऊक नसलेली. "साहेब, मराठीतला का हिंदीतला?"

साहेब लाल झाले. "बहनजी, यह क्या बदतमीज़ी है?"

आत्यानं हातातला खडू खाली ठेवला. "साहब, लड़की ने सही पूछा है. शब्द एक है, अर्थ दो हैं. आप भाषा बताइए, वह जवाब देगी."

"दोनों में बताओ." पोरीनं दोन्हींत सांगितलं, न अडखळता. साहेबांनी फळ्यावरचे दोन्ही भाग वाचून काढले. "यह तो हमें भी किसी ने नहीं समझाया था," ते हळूच म्हणाले. वर्ग राहिला. घरी जाताना भेटेल त्याला मी सांगत सुटले, ती माझी आत्या आहे म्हणून. गल्लीला ते आधीच माहीत होतं.

पुढे मुली आपसूकच हिंदीकडे वळल्या. तो वर्गही आत्यानंच घेतला, तितकाच चोख. मराठीच्या बाकांवर मोजक्या मुली उरल्या, तरी ती भरल्या वर्गापुढे बोलावं तशी मोठ्यानं शिकवायची. मी कॉलेजात असताना एकदा शाळेवरून जात होते, तर तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत आला. आत जावंसं फार वाटलं. पण तास मध्येच मोडलेला तिला खपायचा नाही, म्हणून घंटा होईपर्यंत मी फाटकाशीच ऐकत उभी राहिले.