पाच घरचं कापड

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही चहात आलं किसून घातलंय, आता माझं तोंड काही बंद राहायचं नाही. फक्त हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी अडखळते आणि मग उरलेलं खोटं वाटतं.

माझी मुक्ता तेव्हा सात महिन्यांची होती. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. राजुरीच्या पुढच्या एका वाडीवरच्या शाळेत मी शिक्षणसेवक होते, सातवीला इंग्रजी शिकवायचे. घर नारायणगावात. रोज सकाळी लेकीला सासूबाईंच्या मांडीवर द्यायचं, तिघांच्या सीटवर पाचवी होऊन जीपमध्ये बसायचं आणि शाळा येईपर्यंत काळजी करायची. मुक्ता दूध ओकली तर का ओकली, नाही ओकली तर आज का नाही ओकली. काळजी करण्याची परीक्षा असती तर मी बोर्डात आले असते.

सेवकपणाची तीन वर्षं संपत आली होती आणि कायम व्हायच्या आधी विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते. आमचे हेडमास्तर गुरुजी शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "साहेबांचा शेरा बरा पडला तर सगळं बरं. वाकडा पडला तर मग बघू." त्या 'बघू'नं माझी आठवडाभराची झोप उडवली.

धडा होता अपॉस्ट्रॉफीचा. वस्तू एकाची असेल तर ते लोंबतं चिन्ह एसच्या आधी, अनेकांची असेल तर एसच्या नंतर. सोपं आहे ना? मलाही सोपं वाटायचं, जीपच्या खिडकीतून नारायणगावच्या पाट्या वाचायला लागेपर्यंत. लेडीज टेलर, बॉईज होस्टेल, फार्मर्स क्लब. कुठं चिन्हच नाही, कुठं एसच्या आधी, एका पाटीवर तर पेंटरनं दोन्हीकडे देऊन टाकलं होतं, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. एसच्या आधी चिन्ह असलेल्या पाटीप्रमाणे फार्मर्स क्लब एकाच शेतकऱ्याचा ठरत होता, आणि ते वाचून मला घाम फुटत होता. मला येतं तेच बरोबर आहे की नाही, इथपासून सुरुवात.

मग मी ठरवलं, पोरांना डोळ्यांनी दाखवायचं. एका दोरीवर एक झबलं टांगायचं: एका बाळाचा कपडा. दुसऱ्या दोरीवर पाच झबली: अनेक बाळांचे कपडे. फळ्यावर दोन्ही इंग्रजीत लिहायचं. डी.एड.ला याला शैक्षणिक साहित्य म्हणतात.

एक झबलं मुक्ताचं होतंच. बाकीच्यांसाठी मी सातवीतल्या पाच मुलींना बाजूला घेतलं.

"उद्या प्रत्येकीनं घरून लहान बाळाचं एक-एक कापड आणायचं. पाच जणी, पाच घरचं."

"नवं का जुनं, बाई?" कल्पनानं विचारलं. कल्पना म्हणजे आमच्या वर्गातली जराशी मागे पडणारी, पण प्रश्न नेमका विचारणारी मुलगी.

"जुनंच आणा. वापरलेलं. नवं मुळीच नको." उगाच कुणाला खर्च नको, एवढाच माझा विचार.

"आन घरी काय सांगू?"

"काही सांगू नका. बाईंनी मागितलंय म्हणा. फार बोभाटा नको." कारण साहेबांपुढे ते एकदम दिसावं, अशी माझी हौस.

आता तुमच्यापैकी ज्या खेड्यातल्या आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल. मी चिंचवडच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. मला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला साहेब आले. बारीक चणीचे, खिशाला दोन पेनं. मागच्या बाकावर जाऊन बसले, वही उघडली. पाचही मुलींनी कापडं आणली होती. अंगडी, टोपडी, एक जुनं दुपटं. मी दोरी बांधली, कापडं टांगली आणि फळ्यावर बाळाचं इंग्रजी अनेकवचन लिहिलं. आता चिन्ह द्यायचं, तेवढ्यात व्हरांड्यात बांगड्या वाजल्या.

बघते तर बारा-चौदा बाया. प्रत्येकीच्या हातात कापड. पुढे कल्पनाची आजी, हौसाबाई, मुठीत मीठ-मोहरी.

"बाई, तुमी अजून हितंच?" हौसाआजी उंबऱ्यातून म्हणाल्या. "काळीज हाय का दगड?"

"का? काय झालं?"

"आता आमाला इचारता व्हय. समद्या वाडीला ठावं हाय."

"काय ठावं आहे, आजी?"

मागून शबानाची, म्हणजे त्या पाच मुलींतल्या एकीची, आई हळूच म्हणाली, "बाई, घाबरू नका. पुन्याचे डाक्टर चांगले असतात. माझ्या भावाचं पोरगं तिथंच बरं झालं."

"पुण्याला? कुणाला नेलं पुण्याला?"

"लेकराला हलवलं म्हनं राती," हौसाआजी म्हणाल्या. "किराण्याच्या दुकानात कळलं."

आता माझी अवस्था समजून घ्या. वाडीत फोन एकच, तो त्या किराण्याच्या दुकानात. घरी काही झालं तर सासूबाई तिथंच फोन लावणार, हे आमचं ठरलेलं. म्हणजे फोन आला, निरोप आला, सगळ्या गावाला कळलं, आणि मी इथं अपॉस्ट्रॉफी लावत बसले होते. सकाळी मीच तिला हसताना बघून निघाले होते, ती रात्री पुण्याला कशी जाईल? हा प्रश्न शहाण्या बाईला पडला असता. मी पळाले. साहेब, गुरुजी, शेरा, काही आठवलं नाही. हातात खडू, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे, वाटेत चप्पल निसटली ती तशीच.

दुकानदारभाऊ साखर मोजत होते.

"भाऊ, फोन कधी आला? काय म्हणाल्या?"

"कुनाचा फोन?"

"माझ्या घरून. मुक्ताला पुण्याला नेल्याचा."

"मला न्हाई आला. मला तर हौसाआजीनं सांगितलं."

"त्यांना तुम्ही सांगितलंत ना?"

"मी फकस्त म्हनलो, लईच आजारी असंल तर पुन्याला हलवावं लागंल. मग त्या म्हनल्या, हलवलं असंल. मग मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हनलो, हलवलंय."

मी घरचा नंबर फिरवला. सासूबाईंनी उचलला.

"आई, मुक्ता कुठंय?"

"पुढ्यात. भाताची पेज खातीय. खातीय म्हंजी अंगाला फासतीय."

"नक्की?"

"आता तिचा अंगठा उठवून देऊ का?"

"तिला जरा फोनवर बोलवा."

"अगं, सात महिन्यांचं पोर काय बोलणार?" तरी त्यांनी रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. तिकडून एक ओला, लाळेचा फुर्र असा आवाज आला. त्यावर मी दुकानातल्या गुळाच्या ढेपेला टेकून रडले.

भाऊंनी पाणी दिलं आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "पन बाई, पोरगी ठीक हाय, तर पाच घरचं कापड कशापायी मागितलं?"

तेव्हा मला कळलं. तुम्हालाही सांगते. ज्या बाईचं मूल सारखं आजारी असतं, किंवा ज्या घरात मूल टिकत नाही, ती आई पाच घरांतून कापड मागते आणि त्याचं अंगडं शिवून लेकराला घालते. कापड जुनंच लागतं, वापरलेलं. मागायचं तेही गाजावाजा न करता. मागून आणलेल्या कापडातलं मूल कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि पाच घरांचं मिळून झालं की त्याला काही होत नाही, असा विश्वास.

पाच घरचं. जुनं. बोभाटा नको. मी एकही नियम चुकवला नव्हता. त्यात आठवडाभर झोप नसल्यानं माझे डोळे लाल. वाडी म्हणाली, शिकलेली बाई आहे, तोंडानं मागायला लाजते, म्हणून पोरींच्या हातून निरोप धाडला. आणि पाचच कशाला, म्हणून सतरा घरांनी आपलं कापड काढलं. अख्ख्या वाडीची माया मी उठवली आणि तिच्यातून उठलेल्या अफवेला पहिली बळी पडले ती मीच.

परत येताना चप्पल शोधून घातली. तपासणी चालू असताना वर्ग सोडून पळालेली शिक्षिका कायम कोण करणार?

व्हरांड्यात आले तर आतून आवाज येत होते. साहेब मागचा बाक सोडून फळ्याजवळ उभे होते. बाया पोरांमध्ये बसल्या होत्या; मुक्ताची आणि पाच घरच्या अंगड्याची सगळी कथा त्यांनी साहेबांना सांगून टाकली होती. दोरीवर जागा संपल्यामुळे टेबलावर कापडांचा ढीग झाला होता. आणि खडू कल्पनाच्या हातात.

"हे कपडे कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"एका बाळाचे न्हाईत सर. लई बाळांचे. ह्ये आमच्या दाद्याचं, ह्ये शबानाच्या भावाचं."

"मग चिन्ह कुठं द्यायचं?"

"एस झाल्यावर." आणि दिलं तिनं, अगदी बरोबर जागी.

"आणि या सगळ्यांचं मिळून बाईंच्या मुक्ताचं एक अंगडं शिवलं तर?"

कल्पनानं ढिगाकडे बघितलं. "मंग त्ये एकट्या मुक्ताचं. म्हंजी एसच्या आदी."

"बराबर हाय," हौसाआजी म्हणाल्या. त्यांना एस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण अंगड्याची मालकी त्यांना कळत होती.

मी आत गेले, हात जोडले, खरं काय ते सगळं सांगितलं आणि सगळ्यांची माफी मागितली. मग शबानाची आई हसली, तिच्यामागून सगळ्याच. मी कापडं परत देऊ लागले तर हौसाआजींनी हात मागे घेतले.

"दिलेलं माघारी न्यायचं नसतं. पोरगी बरी हाय ना? मंग बरीच राहू द्या. अंगडं मी शिवते."

आजींनी चार दिवसांत शिवून दिलं, सतरा रंगांचं. मुक्तानं ते पहिल्या वाढदिवसापर्यंत घातलं आणि त्या काळात तिला सर्दीसुद्धा झाली नाही. मी शिकलेली बाई आहे, त्यामुळे याचा आणि त्याचा काही संबंध नाही हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते अंगडं अजूनही स्वतःच्याच हातानं धुते.

राहिला शेरा. साहेब गेल्यावर गुरुजींनी वही उघडली, वाचली आणि माझ्यापुढे सरकवली. शेरा चांगला होता. इतका चांगला की त्या जोरावर मी कायम झाले. फक्त तो मी आजवर घरी कुणाला वाचून दाखवलेला नाही. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "पालकांचा सहभाग उत्तम. विद्यार्थ्यांचे आकलन उत्तम. शिक्षिका वर्गाबाहेर गेल्यानंतर अध्यापनास विशेष गती आली."