धरणावरचे फणस

हे लिहिणारच नव्हते. दोनदा डिलीट केलं. पण काल कोंडीराममामांच्या दाराशी ती भरलेली बॅग परत तशीच दिसली आणि डोकं सटकलं.

कोंडीराममामा लालबागला आमच्या चाळीत राहतात. मिल बंद पडली तसा त्यांचा सगळा जीव गावच्या मुंबई मंडळात गुंतला. गावाच्या वरच्या अंगाला मातीचं जुनं धरण. मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मामांनीच काढलं, गावासाठी कायमचं काहीतरी करूया. एसटी भरून माणसं गेली, धरणाच्या उतारावर फणसाची रोपं लावून आली. तिथे दगड बसवला, त्यावर मामांचं नाव. काय मिरवले होते तेव्हा!

झाडं वाढली, मुळं बांधाच्या पोटात शिरली, पाण्याला आयती वाट मिळाली. यंदा तपासणीला आलेला इंजिनिअर डोक्याला हात लावून बसला. मातीच्या बांधावर झाडं? आता तोडली तरी मुळं आत कुजून पोकळ्याच होणार. खालची घरं हलवा म्हणाला.

खालच्या घरात मामांची बहीण नलू. एकटी.

"दादा, पायथ्याचा पाणी आता गढूळ येता," ती फोनवर म्हणाली. गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय. मामा फोनवरच ओरडले.

"अगो, मग ऊठ ना! शाळेत जा, सगळे गेले."

"थय बसान तुझ्या नावान शिव्या ऐकू? तू ये. मगे उठतंय."

मंडळाच्या खोलीत मामा म्हणाले, गावाला जाऊन येतो. सेक्रेटरी जयवंतने चहातून मान पण वर केली नाही. "जा की. जाताना अजून चार रोपं घेऊन जा." सगळे हसले. हेच सगळे त्या एसटीत गात गेले होते, फोटोत मामांच्या पुढे घुसले होते!

तेव्हापासून बॅग दाराशी. मामा सकाळी चपला घालतात, गॅलरीत उभे राहतात, परत काढतात. शेजारची आकांक्षा म्हणाली, मामा, मी येते ना सोबत. "तू नको गो बाय," म्हणाले. "गावचो कोणतरी येवंदे. एकान तरी माका चल म्हणूक होया."

त्या गावचं कोणी हे वाचत असेल तर प्लीज, आजच जा मामांकडे. दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. शिव्या गाडीत द्या हव्या तेवढ्या. नलू तिकडे अजून घरातच बसलीये.