अण्णांचा घास आणि दशीचं पोट

आमच्या घरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "चहा झाला का?" हा नसतो. "कशी झाली?" हा असतो.

प्रश्न दशीबद्दल असतो. दशी म्हणजे आमची मांजर. मलिहाबादहून आलेल्या दशहरी आंब्यांच्या पेटीत, गवताखाली ही बोटभर लांबीची वस्तू निघाली (अर्धे आंबे नासके होते, ही तेवढी धडधाकट!), म्हणून माझ्या मुलीने, मुक्ताने, तिचं नाव दशहरी ठेवलं. धडधाकटपणा दोन महिने टिकला. त्यानंतर गेली दोन वर्षं "कशी झाली?" या प्रश्नाला एकच उत्तर येत होतं, "पातळ." मध्ये एकदाच "घट्ट" असं आलं, त्या दिवशी बायकोने शिरा केला होता.

आम्ही मूळचे मिरजेचे. बँकेच्या बदलीने लखनौला आलो आणि सरोजिनी नगरात दुसऱ्या मजल्यावर रुतून बसलो. घर शुद्ध शाकाहारी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं. पण दशीच्या डॉक्टरांनी तिला तपासून निकाल दिला, "उबला चिकन और कद्दू. बस. दूध, दही, घी की एक बूँद भी नहीं."

"अहो, या घरात चिकन?" बायकोने मला विचारलं.

"औषध म्हणून," मी म्हणालो.

"मग औषध तुम्ही शिजवा."

मी शिजवलं. मागच्या बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, नाकाला रुमाल बांधून. खालच्या मजल्यावरच्या मिश्राइन चाची वर बघून म्हणाल्या, "भाई साहब, पेंट करा रहे हैं क्या?"

सहा महिने मी असा पेंट केला. दशी चिकन खाई, भोपळा खाई, समाधानाने मिशा पुसे, आणि दुसऱ्या दिवशी पातळच! गालिचा गेला, पाहुण्यांची गादी गेली, माझ्या बँकेच्या बॅगेचा एक कप्पा गेला (हे मला बँकेत, साहेबांसमोर कळलं). मग हसण्यासारखं काही उरलं नाही. दशीच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले. उडी मारून खिडकीत बसणारी मांजर खिडकीकडे नुसती बघू लागली. डॉक्टर या वेळी हळू आवाजात बोलले, "कोई इसे कुछ और खिला रहा है. ऐसे ही चला तो बचेगी नहीं."

मुक्ता एकोणीस वर्षांची आहे, आमच्याशी हिंदीत भांडते आणि रडते मात्र मराठीत. त्या दिवशी ती मराठीत बोलली, "बाबा, काहीतरी करा ना."

बँकेत मी तपासणी विभागात आहे. लोकांच्या शाखांमधल्या चुका शोधून काढणं हेच माझं काम. मी तपास हाती घेतला.

पहिला संशय मिश्राइन चाचींवर. त्यांच्या घरी रोज दोन लिटर दूध तापतं, आणि दशीला बघून त्या "आ जा बिटिया" म्हणतात. एवढा पुरावा मला पुरेसा होता. मी खाली गेलो आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "चाची, आप इसे मलाई खिलाती हैं?"

"हम?"

"देखिए, जान का सवाल है."

"अरे, लड्डू गोपाल की क़सम, एक चम्मच नहीं! हमें आप ज़हर देनेवाली समझते हैं?"

त्यांनी दार लावून घेतलं. दर आठवड्याला वर येणारी त्यांची कैरीच्या लोणच्याची वाटी बंद झाली. भांडीवाल्या ताईंना विचारलं, त्यांनी दोन दिवस सुट्टी घेतली. बायकोला विचारलं, तिने माझा संध्याकाळचा चहा बंद केला. सगळं घर माझ्यावर रुसलं, आणि दशी पातळच.

या सगळ्या मनस्तापात मला एकच विसावा होता. अण्णा जेवायला बसण्याआधी कावळ्याला घास ठेवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून मी ते चालू ठेवलं. बायको शाळेत शिकवायला सातला बाहेर पडते, मुक्ता झोपलेली असते. पावणेनऊला मी ऑफिससाठी जेवायला बसतो. त्याआधी पितळी वाटीत दहीभात, वर साजूक तुपाची धार, गुरुवारी श्रीखंडाचा गोळा असं पुढच्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवतो, हात जोडतो आणि "अण्णा, या" म्हणून आत येतो. जेवून बूट घालेपर्यंत वाटी लख्ख! लखनौला आल्यापासून मी त्या कठड्यावर एकदाही कावळा पाहिला नव्हता, तरी वाटी रोज लख्ख. अण्णा मिरजेहून इतक्या लांब येतात, या विचाराने माझे डोळे भरून येत. मिरजेला माझ्या थोरल्या बहिणीला, ताईलाही मी फोनवर सांगितलं होतं. तीही रडली होती.

शेवटी मुक्ताने एका सकाळी आपला मोबाइल पुढच्या बाल्कनीत कुंडीआड चालू करून ठेवला. मला सांगितलं नाही. तपास अधिकाऱ्याला कशाला सांगायचं! संध्याकाळी तिने सगळ्यांना बोलावलं. मीच आग्रह केला म्हणून मिश्राइन चाचीही वर आल्या. चोर कोण ते त्यांच्यासमोरच ठरू दे, असं मी म्हणालो होतो.

व्हिडिओ सुरू झाला. बाल्कनीचं दार उघडलं. बनियन घातलेला एक जाडा माणूस वाटी घेऊन आला, कठड्यावर ठेवली, डोळे मिटून म्हणाला, "अण्णा, या."

तुळशीमागून दशी आली.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "ये तो आप हो."

दशीने आधी तूप चाटलं, मग दही, मग भात. घाई नाही, भीती नाही. रोजचं आमंत्रण असल्यासारखी. चाचींनी पदर तोंडाला लावला. बायको म्हणाली, "दोन वर्षं!"

त्यांना हसू आवरेना आणि मला रडू. मांजरीला मी माझ्या हाताने मरणाच्या दारात नेलं होतं. आणि अण्णा? अण्णा आलेच नव्हते कधी. त्या रात्री मी जेवलो नाही. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं, आणि या वेळी समाचाराला येणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घास ठेवला नाही. पावणेनऊला दशी आपली हाडं गोळा करून कठड्यावर चढली आणि दाराकडे तोंड करून बसली. पानाची वाट बघत अण्णा बसायचे, तशीच. चिडचिड नाही, पण उठणार नाही. मला राहवलं नाही. मागच्या बाल्कनीतून पितळी वाटी भरून आणली, उकडलेलं चिकन आणि भोपळा. हात जोडले. "अण्णा, माफ करा," म्हणालो, "आणि या."

तेव्हापासून तेच चालू आहे. तीन आठवड्यांत दशी पुन्हा खिडकीत उडी मारू लागली. मी चाचींच्या दारात कान धरून उभा राहिलो, तेव्हा लोणच्याची वाटीही परत आली. परवा ताईचा फोन आला.

"अण्णा येतात ना रे अजून?"

"येतात. एक दिवस चुकत नाहीत."

"दहीभातच ठेवतोस ना? तूप घाल हो वर, हात आखडू नकोस."

"ताई, हल्ली अण्णांना दूध-तूप सोसत नाही."

तिने काळजीने विचारलं, "मग देतोस तरी काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय तेच," मी म्हणालो, आणि मुक्ता फोन हिसकावून घेणार तेवढ्यात, दोन वर्षांचा आनंद न आवरून, बोलून गेलो, "आणि ताई, आता रोज घट्ट होते!"